सगळं नीट चालू आहे

४ ऑक्टोबर

पानावर रविवार छापलाय, आज आहे बुधवार. डायरी दादाची, तीन वर्षांपूर्वीची, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरी. टेबलाच्या खणात सापडली. मावशी म्हणाली घे तुला, पडूनच आहे, निदान कोणाच्या तरी उपयोगी पडेल. वार खोडत बसायचा मला कंटाळा आहे. छापलंय ते छापलंय.

तर, पोचलो. आणि पोचल्या पोचल्या पहिला बार उडवला. फाटकातून आत आलो, दार उघडंच होतं, बॅग उचलून थेट हॉलमध्ये भिरकावली आणि स्वतः बाहेर भिंतीमागे लपलो. मावशी आतून आली, बॅगेभोवती एक चक्कर मारली आणि बॅगेलाच विचारलं की का गं, तू एकटीच आलीस, तो मेला कुठे गेला. मग मला बाहेर यावंच लागलं. म्हणजे ही बाई पण काही कमी नाही. आमचं जमणार.

आईने मला इकडे पाठवलं कारण मी दोनदा नापास झालो आणि तिसऱ्यांदा परीक्षेला बसतो सांगून बसलोच नाही. शिवाय समोरच्यांच्या दारावर 'घर विकणे आहे' ही पाटी कोणी लावली ते सगळ्या गल्लीला कळलं. आई म्हणाली, ही शेवटची संधी, मावशीकडे नीट राहा, नोकरी कर, तिथून हाकललंस तर माझ्या दारात उभा राहू नकोस. आई असं वर्षातून चारदा म्हणते. पण ह्या वेळी म्हणताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मावशी आईची मोठी बहीण. घरात एकटीच असते. काका फार पूर्वी गेले. दादा, म्हणजे तिचा मुलगा, तीन वर्षांपूर्वी ह्याच महिन्याच्या तीस तारखेला गेला. मोटरसायकल, ओला रस्ता, समोरून ट्रक. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या त्याचा मोठा फोटो आहे, असा हसतोय की आत्ता काहीतरी किडा करून आलाय. आवाज बदलून फोनवर लोकांना कसं बनवायचं ते मला त्यानेच शिकवलं. मला 'किड्या' हे नावही त्यानेच दिलं.

त्याची खोली आता माझी. खाट, टेबल, टेबलावर कॉम्प्युटर. एके काळी पांढरा असणार, आता जुन्या दातांसारखा पिवळा. टेबलाखाली एक काळा जड ठोकळा आहे, वीज गेली तरी कॉम्प्युटर चालू ठेवणारी बॅटरी. कधीच मेलीय. पाय ठेवायला झकास.


६ ऑक्टोबर

नोकरीला लागलो. गोदामात पार्सलवर पत्ते चिकटवायचे. माकडालाही जमेल, पण माकड पगार मागत नाही एवढाच फरक, असं मुकादम म्हणाला. गोदाम नवंकोरं आहे, गेल्या वर्षी बांधलेलं, अजून रंगाचा वास येतो.

घरातल्या बाकीच्यांची ओळख. एक लंगडी मांजर, दादा गेल्यानंतरच्या वर्षी कुठूनतरी आली आणि राहिली. वरच्या मजल्यावर एक भाडेकरू, विम्याचं काम करतो, वर्षभर झालं राहतोय. रोज सकाळी आंघोळ करताना गातो. गातो म्हणजे काय, मी त्याचं नाव भोंगा ठेवलंय. आज मी जिन्याखालचा मेन स्विच खाली ओढला. गरम पाणी बंद, दिवा बंद, आणि भोंग्याने जो सूर लावला तो त्याच्या आख्ख्या आयुष्यातला सगळ्यात खरा सूर होता. मावशी ओट्याशी हसून हसून बसली. मग म्हणाली पुन्हा करू नकोस मेल्या. म्हणजे कर.

हॉलमध्ये जुना फोन आहे, वायरवाला. आमच्याही घरी होता. तो दिसला आणि आमचे जुने धंदे आठवले. कोणाचाही रॉंग नंबर आला की मी सोडायचो नाही. एकदा एक रडका माणूस आला होता, मी सोळाचा असेन. काहीतरी बरळत होता, बाबा रे ऐक, ठेवू नकोस, इकडे येऊ नकोस. मी घोगऱ्या आवाजात सांगितलं की हे स्मशान आहे, आपलं लाकूड तयार आहे, कधी येताय. तो इतका गप्प झाला की मी महिनाभर आठवून आठवून हसलो.

दुपारी मावशी दादाच्या कॉम्प्युटरसमोर बसते. रोज. त्याच्या आवाजातली रेकॉर्डिंगं आहेत, फोटो आहेत, एक व्हिडिओ आहे ज्यात तो फक्त बूट घालतोय आणि तिला म्हणतोय की आई बंद कर ना तो कॅमेरा. दुसरं काही उघडत नाही. तेवढं बघते, बंद करते, कपड्याने पुसते. मला तिने एकच नियम सांगितला. घरात काय वाटेल तो धुमाकूळ घाल, ह्याला हात लावू नकोस.


८ ऑक्टोबर

हात लावला.

पण वाईट हेतूने नाही, देवाशपथ. कॉम्प्युटर फार हळू चालत होता, मावशीला व्हिडिओ अडकत अडकत बघावा लागतो. तीन वर्षांत त्याला इंटरनेटच मिळालेलं नाही. मी म्हटलं गुपचूप दुरुस्त करून ठेवतो, दुपारी ती बघेल तेव्हा चकित होईल. माझ्या मोबाईलचं नेट जोडलं. लगेच खाली डबी आली, महत्त्वाचं अपडेट उपलब्ध आहे, घेऊ का. घे बाबा. मग निळी स्क्रीन, गोल गोल फिरणारे ठिपके, आणि कॉम्प्युटर बंद करू नका.

आणि वर भोंगा सुरू झाला.

आता सवय म्हणजे सवय. मी जिन्याखाली गेलो आणि मेन स्विच ओढला. भोंगा किंचाळला, मी हसलो, आणि हसता हसता मला टेबलाखालची मेलेली बॅटरी आठवली.

स्विच वर केला. कॉम्प्युटर चालू झाला. अपडेट पूर्ण करता आलं नाही, केलेले बदल मागे घेत आहोत, बंद करू नका. ठिपके फिरले. मग काळी स्क्रीन. मग आपोआप पुन्हा चालू. अपडेट पूर्ण करता आलं नाही. पुन्हा काळी. घाण्याच्या बैलासारखा तो त्याच गोलात फिरतोय, सकाळपासून.

मावशी दुपारी येऊन बसली. मी सांगितलं की वीज गेली होती. तिने कापड हातात घेऊन स्क्रीन पुसली, जणू धूळ पुसली की आत तो दिसेल.


९ ऑक्टोबर

गोदामातून सुट्टी मागितली, पोट बिघडलंय सांगून. जे येतं ते सगळं केलं. डबा उघडला, आतला कचरा फुंकला, मेमरीची पट्टी काढून खोडरबराने पितळ घासलं आणि परत बसवली. बटणासारखा सेल काढून घातला. सुरू होताना एक बटण दाबून ठेवलं की साध्या मोडमध्ये उघडतो म्हणतात, तोही गोलात गेला. स्वतःहून दुरुस्ती करायचा पर्याय आला, त्याने बराच वेळ विचार केला आणि सांगितलं की दुरुस्ती होऊ शकत नाही. मला आमच्या गणिताच्या बाई आठवल्या.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला फॉरमॅट मार, नव्यासारखा होईल. मी विचारलं आतलं काय. तो म्हणाला आतलं जाईल की, त्यालाच फॉरमॅट म्हणतात. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून बघ म्हणाला, तर तिथे ती टक टक करते आणि दिसतच नाही. शेवटी त्याने एक पेन ड्राइव्ह दिला, ह्यावरून चालू कर, नशीब असेल तर काहीतरी उघडेल.

मावशी आज जेवली नाही. मला आईची फार आठवण आली, का कोण जाणे.


११ ऑक्टोबर

झालं. झालं झालं झालं.

पेन ड्राइव्हवरून दुरुस्तीचं पान उघडलं. त्यात एक पर्याय होता, आधीच्या स्थितीला परत जा. म्हणजे कॉम्प्युटर नीट चालू असतानाची एखादी खूण त्याने जपून ठेवलेली असते, तिथपर्यंत मागे जायचं. मला वाटलं दहा-बारा खुणा असतील. एकच होती. तीन वर्षांपूर्वीची, दहा ऑक्टोबरची, आणि ती कॉम्प्युटरने नाही, दादाने स्वतः करून ठेवलेली. खुणेला नाव देता येतं. त्याने नाव दिलं होतं: सगळं नीट चालू आहे.

मी हाक मारली. मावशी आली, वाचलं, आणि माझा दंड धरला. मग एक मोठी सूचना आली, परिच्छेदच्या परिच्छेद. ते कोण वाचतं. पुढे, पुढे, हो, मान्य आहे, हो. मावशी म्हणाली नीट वाच रे. मी म्हटलं मावशी, हे वाचणारा माणूस अजून जन्मायचाय.

चालू झाला. वॉलपेपरवर त्याची ती लाल मोटरसायकल. व्हिडिओ उघडला, न अडकता. आई बंद कर ना तो कॅमेरा. मावशीने माझी दृष्ट काढायचीच बाकी ठेवली. खाली कोपऱ्यात एक बारीक हिरवी पट्टी सरकतेय, उरलेलं काम चालू आहे, आपण वापर सुरू ठेवू शकता. ठेव बाबा.


१३ ऑक्टोबर

हॉलमधला दादाचा फोटो भिंतीवर नाही.

मावशीला वाटलं मी काढला. पहिल्यांदाच चिडली. चेष्टेला काही हद्द असते म्हणाली, मला सगळं चालेल, हे नाही. मी शपथा घेतल्या. तिने ऐकलं, पण विश्वास ठेवला नाही, आणि माझी आजवरची कामगिरी बघता मीही ठेवला नसता. निदान खिळा तरी आहे ना म्हणून मी बघायला गेलो. खिळा नव्हता. खिळ्याचं भोकही नव्हतं. सपाट भिंत, एकाच रंगाची.


१४ ऑक्टोबर

फ्रिज बदललाय. काल रात्रीपर्यंत उंच राखाडी होता. आज सकाळी त्याच जागी बुटका निळा, दारावर फुटबॉलचं स्टिकर. मी मावशीला विचारलं की कोणी आणून ठेवला. ती फ्रिजजवळ आली. मग नखाने स्टिकरचा सुटलेला कोपरा दाबला आणि म्हणाली हे त्याने लावलं होतं, मी ओरडले होते. हा फ्रिज तर तो गेल्यावर महिन्याभरात भंगारात दिला होता आम्ही.

म्हणजे 'आम्ही' म्हणाली. घरात तेव्हा ती एकटीच होती.

तिने मला पुढे काहीच विचारलं नाही. भीती वाटली ती त्याची.


१५ ऑक्टोबर

मांजर नाही. तिची ताटली नाही. सोफ्यावर तिचे केस असायचे, तेही नाहीत. गल्लीभर हाका मारून आलो.

मावशीचे केस मुळाशी काळे झालेत. रंग लावला का विचारलं, तर हात लावून बघितला आणि लाजल्यासारखी हसली. आज स्वयंपाक करताना गुणगुणत होती.


१६ ऑक्टोबर

सकाळी शांत होतं. मेन स्विचजवळ जाऊन मी वाट बघत उभा होतो, सवयीने. भोंगा गायलाच नाही. वर गेलो.

वर मजलाच नाही. म्हणजे आहे, पण उघड्या विटा, खिडक्यांच्या जागी पोकळ चौकटी, कोपऱ्यात वाळूचा ढीग. मावशीला सांगितलं. वर कोण राहणार, अजून प्लास्टर कुठे झालंय, असं ती म्हणाली. पण म्हणताना कणकेकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

कॉम्प्युटरकडे गेलो. कोपऱ्यातल्या हिरव्या पट्टीवर बाण नेला तर ती सूचना पुन्हा उघडली. ह्या वेळी वाचली. मी, ज्याने आयुष्यात प्रश्नपत्रिका पूर्ण वाचली नाही, त्याने शब्द न् शब्द वाचला.

निवडलेल्या तारखेनंतर इथे आलेलं सर्व काही, आलेल्या क्रमाने काढलं जाईल. त्याआधीच्या वस्तूंना धक्का लागणार नाही.

आलेल्या क्रमाने. आधी फोटो, तो गेल्यावर लगेच लावलेला. मग महिन्याने आलेला फ्रिज. मग मांजर. मग वरचा मजला आणि भोंगा.

मग कोण आलं ह्या घरात?


१७ ऑक्टोबर

गोदामाच्या जागी मोकळा प्लॉट. गवत, पत्र्याचं कुंपण, आत दोन कुत्री. पेपरवाल्याला विचारलं गोदाम कुठे गेलं, त्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं कुठलं.

पेपर उचलला. आज मंगळवार असायला हवा. पेपरवर शनिवार होता.

डायरीत सतरा तारखेला शनिवारच छापलाय. वार जुळला.

स्क्रीनवर त्या सूचनेच्या खाली अजून एक बटण आहे. मागे फिरवा. दाबलं की हे सगळं रद्द होईल, असं स्वच्छ लिहिलंय. मी खुर्चीत बसलो, हात माउसवर ठेवला, आणि मावशीने मागून माझं मनगट धरलं. जोरात नाही. ताप बघतात तसं. म्हणाली, बाहेर जाऊन बघ.

दारात दादाच्या चपला होत्या. ओल्या.


१८ ऑक्टोबर

मावशीने खोलीला आतून कडी लावून घेतलीय. तिथेच बसते, तिथेच जेवते. मी हॉलमध्ये सोफ्यावर.

बाथरूममध्ये कोणीतरी दाढी करून गेलंय. आरशावर वाफ, टॉवेल ओला. ओट्यावर दोन ताटं वाढून ठेवलेली. मी एक घेतलं तर ती आतून म्हणाली ते राहू दे, तुला वेगळं देते. आवाजात माया होती. ती अजून तशीच आहे, तेच वाईट —

दार ठोकलं. विनवलं. चेष्टा करून बघितली, भोंग्यासारखं गाऊन दाखवलं. आतून हसू आलं. दोघांचं.


१९ ऑक्टोबर

घरी जायचं ठरवलं. आईकडे. आई काय, चार शिव्या देईल आणि जेवायला वाढेल. मोबाईलवरून लावला, हा नंबर अस्तित्वात नाही. म्हणून हॉलमधल्या फोनवरून घरच्या जुन्या फोनला लावला.

एका मुलाने उचलला. फुटलेला आवाज, नुकतं मिसरूड येत असतानाचा. मी विचारलं कोण बोलतंय. तो म्हणाला तुम्हाला कोण पाहिजे ते सांगा, सगळी माणसं स्टॉकमध्ये आहेत.

ते माझं वाक्य आहे. दादाने शिकवलेलं.

मागून आईचा आवाज आला, कोणाचा रे फोन, किड्या.

मी रडायला लागलो. म्हटलं बाबा रे, ऐक, ठेवू नकोस. पुढे कधी मावशीकडे पाठवतील, इकडे येऊ नकोस, आणि आलास तर —

त्याने खाकरून घेतलं. मग घोगरा आवाज काढून म्हणाला की हे स्मशान आहे, आपलं लाकूड तयार आहे, कधी येताय.

ठेवला त्याने. त्याचं हसू ठेवायच्या आधीच सुरू झालं होतं. मला माहीत आहे ते किती दिवस चालणार.


२० ऑक्टोबर

मावशीला सांगितलं. दाराबाहेर बसून सगळं सांगितलं. वाटलं बहिणीच्या पोटचा आहे, विरघळेल.

तिने कडी काढली, बाहेर आली, माझ्याजवळ जमिनीवर बसली. केस पूर्ण काळे. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला एवढे दिवस जेवण जात नव्हतं म्हणाली, तुझ्या आईला काय तोंड दाखवू म्हणून. आता बरं झालं. तिच्याजवळ तू आहेस. तिचं काहीच जात नाही. माझ्याजवळ कोण आहे, तूच सांग.

मी तिचा हात धरायला गेलो. तिने तो हळूच सोडवून घेतला.

आत गेली. कडी लावली.


२१ ऑक्टोबर

मेन स्विच ओढला. मला तेवढंच येतं. ज्याने बिघडवलं त्यानेच —

पंखे थांबले. दिवे गेले. निळा फ्रिज गप्प झाला. मी कान लावून उभा.

खोलीतून बीप. थोड्या वेळाने बीप.

टेबलाखालची बॅटरी. दादाच्या वेळी ती मेलेली नव्हती.


२२ ऑक्टोबर

सोफ्याखाली बॅग नाही. बॅग नाही म्हणजे कपडे नाहीत, मोबाईल नाही, पेन नाही. अंगात दादाचा जुना शर्ट आहे, मावशीने दिला. फोनजवळ त्याची पेन्सिल होती, तिने लिहितोय. पेनाने लिहिलेली मागची पानं फिकी पडलीत, त्यांच्यावरूनही पेन्सिल गिरवतोय. पेन्सिल इथलीच आहे. ती राहील.

बॅग. मी बॅग आधी आत टाकली होती. मग मी आलो.

म्हणजे आता मधे कोणी नाही.

पळून कुठे जाऊ. फाटकापर्यंत गेलो. बाहेर जिथे जाईन तिथे मी नंतरच आलेला आहे. आणि घरी मी आहेच.


२३ ऑक्टोबर

आज दिसला.

स्वयंपाकघरातून पाणी पीत आला. माझ्यासारखंच उभं राहून पितो, विसरलो होतो. माझ्याकडे बघून थांबला. मावशीला विचारलं हा कोण. ती म्हणाली कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलाय, झालंय त्याचं, जाईल आत्ता.

त्याने मला विचारलं चहा घेतला का. शर्टाकडे बघितलं, ओळखला असणार. मग विचारलं की काय झालं होतं मशीनला. मी म्हटलं अपडेट अर्धवट राहिलं होतं. तो म्हणाला मग काळजी नाही, मी एक खूण करून ठेवलीय.

फार चांगला माणूस आहे हो. होता. आहे.


तीच तारीख, नंतर

कालपासून एकच गोष्ट डोक्यात —

तो फोन मला आला होता. सोळाचा होतो तेव्हा. रडका माणूस. म्हणजे हे आधी घडलंय. मी इथे बसलो होतो, असाच, आणि फोन केला होता. आणि तरीही तीस तारखेला दादा गेलाच. फोटो लागलाच. मावशीचे केस —

हिरवी पट्टी मागे नेते. पुढचं थांबवत नाही.

दार ठोकून मावशीला ओरडून सांगितलं. तीस तारखेला गाडी देऊ नकोस, किल्ली लपव, हे सगळं पुन्हा होणार. ती आतून शांतपणे म्हणाली की आता नवीन काय थाप काढलीस. तुझ्या थापांना मी किती दिवस फसू मेल्या.

बरोबर आहे तिचं. पहिल्या दिवसापासून मी हेच केलं.

तीन बोटं दिसत नाहीयेत. पेन्सिल मुठीत धरलीय.

त्याला लिहून ठेवतो. डायरी त्याचीच. राहील ती. उघडेल कधीतरी. मला मात्र ती कोरी मिळाली होती, पहिल्या पानापासून शेव— नाही. तसा विचार नाही करायचा. लिहायचं. त्या दिवसाच्या पानावर लिहितो, म्हणजे त्या दिवशी —


३० ऑक्टोबर

दादा, हे चेष्टा समजू नकोस. मी किड्या. तुझ्या मावशीचा. मोठा झालेला. आज बाहेर रस्ता ओला असेल. आईला सांग कॅमेरा चालू ठेव, घरीच बस, तिच्याशी बोल, काहीही कर, पण आज गाडी का